घाम न येणारे मेहुणे

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार (माझी कंबर वाकते तेवढाच). गुडघे कसे आहेत ते कळव. साखर किती आहे हे विचारत नाही. त्याबाबतीत खरं सांगायची तुला सवय नाही. इकडे आम्ही ठीक. तुझी लेक आमच्याकडे राहून जेवते कमी आणि आम्हाला तपासते जास्त.

तिच्या प्रयोगशाळेत घामातली साखर ओळखणारी पट्टी बनवतात. ती दंडावर चिकटवायची, घाम लागला की तिच्यात बारीकसा वीजप्रवाह वाहतो आणि मोबाईलवर आकडा उमटतो. सुई नाही, रक्त नाही. प्रयोगाला माझ्या दंडाशिवाय आणखी एक हवा होता, म्हणून मी तुझ्या मेहुण्यांचा देऊन टाकला (घरात तोच एक विनावापर पडून होता). पण ताई, या माणसाला घामच येईना! लग्नापासून मला जो संशय होता, त्याला विज्ञानाने दुजोरा दिला. पोरीने त्यांना जिने चढायला लावले, तर हे वरच्या मजल्यावर चहा पिऊन उतरले. पंखा बंद केला, तर झोपले. मी भांडून पाहिलं (त्याची तर सवयच झालेली). ती रडकुंडीला आली, "काका, थोडा तरी घाम गाळा ना!" तर म्हणतात, "अगं, घामच गाळायचा होता, तर एवढं शिकलो कशाला?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तू होतीस. "हो ताई, नाही ताई" करता करता पट्टी निथळायला लागली आणि आकडे धडाधड उमटले! पण तू काय म्हणत होतीस, ते पोरीला शेजारी उभं राहून ऐकू येत होतं. "म्हणे पीएच.डी. करणार! सर्दीचं औषध देता येत नाही, ती कसली डॉक्टर? पाठवून द्या तिला घरी." इतके दिवस ज्या आकड्यांसाठी जीव टाकला, त्यांच्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

तब्येतीला जप.

तुझी धाकटी

ता. क. : याच कामासाठी दूरच्या एका विद्यापीठाने तिला पीएच.डी.ची जागा देऊ केली आहे, शिष्यवृत्तीसकट. सोमवारपर्यंत कळवायचं आहे, आणि तुझ्या होकाराशिवाय ती कळवणार नाही. बोटाला सुई टोचताना तू तोंड फिरवून डोळे घट्ट मिटतेस, ते ती लहानपणापासून बघते आहे. एवढे विषय सोडून हाच का घेतलास, असं कधी विचारलंस तिला? हो म्हण.

ता. क. पुन्हा : ती गेली तर आम्हाला काही वाटणार नाही. ह्यांची पट्टी परवाच निकामी झाली, पण काढू देत नाहीत. दंडाला पिशवी बांधून आंघोळ करतात. म्हणतात, "शिकून आली की तीच काढेल." वेडेपणा, दुसरं काय! माझी निघायला आली होती, ती मी डिंक लावून बसवली आहे.