मातामायच्या खोळीबाबत लिहून ठेवतो की

मी, घनश्याम पंजाबराव इंगोले, वय त्रेसष्ट, सेवानिवृत्त प्रयोगशाळा परिचर, राहणार मौजा चिंचधरा, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ, हे पत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या मानगुटीवर कोणी बसलेले नाही आणि मी दारूला शिवत नाही. माझी शुद्ध ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायकोचे मत कोणी विचारले नाही, ते बरेच झाले. साखर वाढली आहे, डावा डोळा अधू झाला आहे, आणि दहा वर्षांपासून एक गोष्ट पोटात आहे जी मी कोणाला सांगितली नाही. ती पाचव्या कलमात येईल. आधी घरदार लिहितो, कारण ते लिहायला सोपे आहे.

१. घर माझ्यामागे पत्नी तानाबाई हिचे, ती आहे तोवर. मुलगा रजत पुण्याला असतो. त्याला गेल्या दोन दिवाळ्यांना येणे जमले नाही, पण घराचे कागद कुठे आहेत हे फोनवर विचारणे मात्र जमले. रजत, कागद तुझ्या आईच्या पेटीत आहेत आणि पेटीची किल्ली तिच्या कमरेला आहे. तिच्यानंतर घर तुझे आणि तुझी बहीण दिपाली हिचे, निम्मे निम्मे. भिंत घालून वाटणी करू नका. न्हाणीघर एकच आहे.

२. तांड्याच्या वाटेवरचे दोन एकर कोरडवाहू शेत माझ्या नावावर आहे. विहिरीकडचा एक एकर दिपालीला. ती नेरला दिली आहे, पण शेतीची नजर तिलाच आहे, रजतला तूर आणि सोयाबीन यातला फरक शेंग आल्यावर कळतो. दुसऱ्या एकराचे सातव्या कलमात लिहिले आहे.

३. बँकेतली ठेव तानाबाईची. तेरवी घरच्यापुरती करावी. श्रावण पुजाऱ्याकडे माझा फवारणीचा पंप तीन वर्षांपासून आहे. त्यावरून मी त्याला पारावर चारचौघांत बोललो होतो. पंप आता त्याचाच. बोललो ते मागे घेतो, कारण त्याच्याशी मी याहून मोठे वाईट केले आहे आणि ते त्याला ठाऊकच नाही.

४. बुचांना भोके पाडायचे पितळी सामान, काचेची नळी कापायची कानस आणि कॉलेजने मोडीत काढलेला जुना तराजू गावच्या शाळेला द्यावा. यवतमाळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे काढली. कॉलेजचे नाव लिहीत नाही, कारण झाले त्यात कॉलेजचा दोष नाही. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक ब्युरेट फुटली नाही की कपाटाची किल्ली हरवली नाही. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले की घनश्यामच्या हातात दिलेली वस्तू बँकेत ठेवल्यासारखी असते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली पाहत होतो. लोकांना वाटले माणूस विनयशील आहे.

५. आता ती गोष्ट.

आमच्या गावाच्या शिवेवर मातामायचा ओटा आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिला तेल-शेंदूर लावतात. थरावर थर बसतात, आणि वीस-तीस वर्षांनी तो सगळा थर आपोआप सुटून पडतो. मातामायने खोळ टाकली, असे आम्ही म्हणतो. खोळीचे तुकडे घरोघर नेऊन ठेवतात. लेकराला दात येताना, किंवा ते रात्रंदिवस रडत असले, तर चिमूटभर खोळ आईच्या दुधात उगाळून चाटवतात. मलाही चाटवली होती.

बबिता ही गावाला लागून असलेल्या तांड्यातल्या शंकरसिंग आडे यांची मुलगी. एम.एस्सी. होऊन ती आमच्याच कॉलेजात पीएच.डी. करत होती. विषय तिने मला बाकावर बसवून समजावला होता. दगड एकच, प्रश्न चार. शेंदूर कशाचा बनतो, तो लेकराच्या पोटात गेल्यावर काय करतो, लोक तो का देतात, आणि त्याच्या खाली कोरलेले आहे ते काय. एका दगडाला चार विभाग लागतात म्हणून सर लोक हसायचे. ती या विभागातून त्या विभागात पळत राहायची आणि दुपारचा डबा माझ्या खोलीत खायची. मला काका म्हणायची.

दोन हजार पंधरा साली मातामायने खोळ टाकली. बबिता दोन दिवस ओट्यासमोर बसून चित्र काढत होती. खालून काळ्या दगडात कोरलेली बाई निघाली होती, मांडीवर मूल असलेली. चित्र मला दाखवून ती म्हणाली, "पाहा काका, मातामाय माह्या आजीसारकी कोपरापर्यंत बांगड्या घालून राह्यली." ती आनंदात होती.

मी गावचा म्हणून श्रावणने खोळीचा तुकडा माझ्या शब्दावर दिला. बबिताने तो बाटलीत भरला, वर "नमुना १" अशी चिठ्ठी डकवली, आणि कुटून, पुड्या करून नागपूरच्या प्रयोगशाळेला पाठवायला माझ्याकडे दिला. मी ती बाटली डब्याच्या पिशवीतून घरी आणून देवघरात ठेवली. नागपूरला गेला तो रांगोळीचा केशरी रंग, गोडेतेलात मळून वाळवलेला.

मातामायची खोळ उकळत्या आम्लात टाकलेली मला सोसवणार नव्हती, असे मी दहा वर्षे स्वतःला सांगत आलो. मरणाच्या कागदावर अर्धे खरे लिहू नये, म्हणून बाकीचेही लिहितो. तांड्याची पोरगी आमच्या मातेला ब्लेडने खरवडते, बाटलीत भरून नंबर देते, आणि वर ती आपल्या आजीसारखी दिसते म्हणते, हे मला झोंबले होते. भक्ती होती, पण जातीची घमेंड जास्त होती.

शेंदूर शिशापासून बनतो आणि शिसे लेकराला विष असते, असे बबिताचे म्हणणे होते. अहवाल आला. शिसे नाही, नुसता रंग आणि खडू. इकडे बबिताने गावातल्या अकरा लेकरांचे रक्त तपासून घेतले होते, त्यात शिसे निघाले होते. कॉलेजातल्या समितीने तिला विचारले की खोळीत शिसे नाही तर लेकरांत कुठून आले, आणि शेवटी तिचे रक्त घेणेच चुकले असे ठरवले. तोवर तिने घरोघर जाऊन बायांना खोळ देऊ नका म्हणून सांगितले होते. ग्रामसभेत अहवाल वाचला गेला. तांड्याच्या पोरीने मातेची बदनामी केली म्हणून लोक उठले. तिच्या बापाला हात जोडून माफी मागावी लागली. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

ती त्यानंतर माझ्या घरी आली. पुन्हा तपासणी करायला श्रावण तुकडा देत नव्हता. "काका, तुमी तरी एक चिमूट आनून द्या, मले एवढंच पाह्यजे," म्हणाली. आमच्या घरी आता शिल्लक नाही, असे मी सांगितले. बाटली तिच्यापासून चार हातांवर, पडद्यामागे होती. तानाबाईने तिला चहा दिला. तिने तो अर्धा ठेवला आणि गेली. पुढे प्रबंध सुटला. आज ती महागावला एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते.

६. दिपालीच्या मुलीला दात येत होते तेव्हा दिपाली बाळाला घेऊन दोन महिने माहेरी होती. बाळ रडून रडून निळे पडायचे. मी देवघरातली तीच बाटली उघडली आणि माझ्या हाताने खोळ उगाळून दिली. एकदा नाही, दोन महिने. कोणी म्हणेल, तुला संशय कसा आला नाही. नाही आला. शिसे नाही असे अहवालात लिहिले होते ना! तो अहवाल रांगोळीचा आहे हे जगात मला एकट्याला माहीत होते, आणि त्यावर सगळ्यात जास्त विश्वास मीच ठेवला. खोटे पुष्कळ वर्षे सांभाळले की आपणही ते विसरतो, हे मी अनुभवाने लिहितो.

पुढच्या वर्षी पोरीचे पोट दुखायचे थांबेना, अंगात रक्त राहीना. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्तात शिसे सांगितले आणि शेंदूर, काजळ, गावठी औषध काही देता का म्हणून विचारले. दिपाली माझ्याकडे पाहू लागली. मी नाही म्हणालो. घरी येताना गाडीत तिला एवढेच सांगितले की बाहेरचे काही चाटवू नको. नंतर कॉलेजात, जेवणाच्या सुट्टीत, बाटलीतली चिमूट आम्लात टाकली, गाळली, आयोडाइडचे थेंब सोडले. नळीत पिवळाधमक साका बसला. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिशाची ओळख मीच तशी करून द्यायचो.

नात आता बरी आहे, वाचायला मात्र मागे पडते. दिपाली, हे तुझ्या बापाने केले आहे.

याहून लाजिरवाणे पुढे आहे. मी माझ्या घरातली खोळ बंद केली आणि गावाला काही सांगितले नाही. चार वर्षे झाली. या चार वर्षांत गावात जेवढी बारशी झाली तेवढ्यांचे जेवण मी जेवून आलो, आणि पाळण्याच्या दांडीला बांधलेली खोळीची पुडी डोळ्यांनी पाहून आलो. आपले नाव जाईल म्हणून मी लोकांची लेकरे जाऊ दिली. श्रावणचा दोष नाही, बायांचा तर नाहीच. त्यांनी अहवालावर विश्वास ठेवला.

७. सबब माझ्या मृत्यूनंतर नमुना १ ची बाटली, उरलेल्या खोळीसह, आणि तांड्याला लागून असलेला एक एकर बबिता शंकरसिंग आडे यांना द्यावा, आणि कलम पाच व सहा ग्रामसभेत मोठ्याने वाचावे.

८. वरील कलम मी काल लिहिले. वकिलांनी सांगितले की ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून साक्षीला दुसरी माणसे ठरली होती. तरी जिच्याबद्दल लिहिले तिने आधी वाचावे असे वाटले, म्हणून आज बबिताला बोलावले. तिने ओसरीवर बसून सगळे वाचले. पाचवे कलम दोनदा वाचले. मी पाया पडायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले.

मग म्हणाली, "हे बाहेर याले तुमी मरा लागन. तोवरक किती लेकराईच्या तोंडात जाईन ते?"

माझ्याकून तोंडाने सांगणे होत नाही, असे मी म्हणालो.

"मले ग्रामसभेत तोंडानंच सांगतलं होतं सगळ्याईनं," ती म्हणाली.

तानाबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिला हे सगळे आज कळले. ती आत गेली आणि बाटली आणून बबिताच्या हातात ठेवली.

एकराबद्दल बबिता नको म्हणाली. साक्षीदाराची सही मीच करीन, मग मले काही मिळाचा सवालच नाही, असे म्हणून तिने पेन मागितले. म्हणून कलम सात रद्द. तो एकर दिपालीने माझ्या सहीने आताच विकावा आणि खोळ चाटलेल्या गावातल्या प्रत्येक लेकराचे रक्त तपासून घ्यावे, माझ्या नातीपासून सुरुवात करून. कलम पाच व सहा येत्या एक मेच्या ग्रामसभेत मी स्वतः उभा राहून वाचीन. माझी जीभ अडली तर बबिता वाचेल, आणि मी उभाच राहीन. बाकी कलमे मी मेल्यावर अमलात यावीत. ही दोन आणि एकराचे काम त्याआधी.

ठिकाण: मौजा चिंचधरा
दिनांक: २८ एप्रिल २०२५

लिहून देणार:
घनश्याम पंजाबराव इंगोले (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:

१. गोपाल महादेव गावंडे, सेवानिवृत्त शिक्षक, राहणार महागाव (सही)

२. बबिता शंकरसिंग आडे, एम.एस्सी., शिक्षिका, राहणार महागाव (सही)

टीप: साक्षीदार क्रमांक दोन यांच्या नावाआधी मी माझ्या हाताने "डॉक्टर" असे लिहिले होते. तो शब्द त्यांनी स्वतः खोडला आहे. खाडाखोड मला मान्य आहे.

घ. पं. इंगोले