आरशाभोवतीचे दिवे चालू ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पूर्वी नटाचा, आता पडून राहण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी देणेघेणे नाही असे वकीलबाई म्हणतात. मला कोणी धाक घातलेला नाही, आणि कोणी लाडीगोडी लावावी इतकी माझी मिळकतही नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रागाच्या भरात केले होते. ते रद्द समजावे.

माझे वारस दोन. थोरला मुलगा रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करण्याच्या खात्यात आहे. धाकटी मुलगी आदितम पंथात आहे. त्या पंथाला लोक 'विझवे' म्हणतात, कारण दिवे विझवणे हाच त्यांचा धर्म. थोडक्यात, माझ्या घरात एक लावतो आणि एक विझवते, आणि दोघांच्या मध्ये मी म्हातारा झालो.

हा पंथ माझ्या डोळ्यांदेखत जन्मला, म्हणून त्याची हकीकत येथे लिहून ठेवणे जरूर आहे. मी दूरचित्रवाणीवरच्या एका विज्ञानमालिकेत काम करत होतो. तारकायाने, परग्रहांवरच्या वसाहती, पत्र्याचे यंत्रमानव, असा सगळा कारभार. त्यात आदितम नावाचा एक माथेफिरू पंथ होता. विश्वाच्या आधी अंधार होता, तोच खरा, आणि प्रत्येक तारा म्हणजे त्या अंधाराला झालेली जखम. म्हणून तारे विझवा, वसाहती काळोखात बुडवा, माणसे मेली तर मेली, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा प्रमुख तमोगुरू, तो मी. काम खलनायकाचे होते. लोकांनी शिव्या द्याव्यात म्हणूनच लिहिलेले, आणि मी ते झकास करत असे. पण मालिका संपली तरी काही लोक संपले नाहीत. आधी काळे झगे घालून जमायचे, माझे संवाद म्हणायचे, चहा पिऊन घरी जायचे. पुढे चहा बंद झाला. आता ते खरोखरचे दिवे फोडतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी आमची गल्ली अंधारी केली, तेव्हा खालच्या मजल्यावरचे निवृत्त टपालवाले पायरी चुकून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. ते या मृत्युपत्राचे एक साक्षीदार आहेत. सही करायला काठी टेकत वर आले, आणि वर येईपर्यंत माझ्या तमोगुरूचा उद्धार करत होते. तो त्यांचा हक्क आहे.

पंथाचा सर्वांत कडक नियम म्हणजे 'रक्ताकडे पाठ'. पंथात शिरलेल्या माणसाने घरच्यांचे तोंड पाहायचे नाही. भेटायचेच तर पाठ करून बसायचे. हा नियम कोठून आला ते मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो. मालिकेत तमोगुरूची मुलगी बापाच्या डोळ्यांत बघून घर सोडते असा प्रसंग होता. त्या दिवशी मुलीचे काम करणारी नटी गाल सुजवून आली. दाढ. लेखक म्हणाला, "पाठ दाखवू या. पंथाचा नियमच आहे म्हणून सांगू." पुढे त्या बिचारीला उभेही राहवेना, तिला दंतवैद्याकडे पाठवले. नुसती पाठच हवी तर कोणाचीही चालते. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती, माझा डबा घेऊन आली होती. तिला झगा चढवला आणि उभी केली. मी गंभीर आवाजात निरोप द्यायला लागलो आणि तिला हसू आवरेना. खांदे गदगद हलत होते. पडद्यावर ते हुंदके वाटले, आणि घरोघरी माणसे रडली. त्या पाठीची तसबीर आज पंथाच्या प्रत्येक बैठकीच्या जागी टांगलेली आहे.

ही गोष्ट माझ्या मुलीला ठाऊक नाही असे कोणी समजू नये. ती पंथात गेली तेव्हा मी म्हणालो, "अगं, तू हसत होतीस. मी तुझ्या पाठीमागेच उभा होतो."

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, तुम्हाला वाटतं लेखकानं ते रचलं. त्याच्याकडून ते वदवून घेतलं गेलं. दाढ काय उगाच सुजली?"

तिची आई गेली त्या दिवशीही ती याच खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी होती. आई तिला हाका मारत राहिली. ते मी विसरलेलो नाही, आणि रागाचे मृत्युपत्र त्याच आठवड्यातले. मला माझे मरण तसे नको आहे, आणि माझ्यानंतर तिला बंद दार नको आहे. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

म्हणून मिळकतीची वाटणी अशी. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. त्याची मालकी मुलाकडे जावी. मागच्या खोलीत राहण्याचा हक्क मुलीला तिच्या हयातीपर्यंत असावा. तो तिला विकता, बक्षीस देता किंवा पंथाला अर्पण करता येणार नाही. यावर मुलाशी माझी बाचाबाची झाली.

"बाबा, तिला दिलंत की गेलं विझव्यांच्या घशात."

"राहण्याचा हक्क आहे रे, विकण्याचा नाही. वकीलबाईंनी पक्कं बांधलंय."

"मग पंथ सोडला तरच, अशी अट तरी घाला."

अट मी घातलेली नाही. अटी घालून माणसे धरून ठेवणे हा पंथाचा धंदा आहे. तिने पाठ करून यावे की तोंड करून, दार तेच राहील.

बँकेत जे असेल ते मुलाचे. तमोगुरूचा काळा झगा पंथाचे लोक तीनतीनदा येऊन मागून गेले. "ती आमची ठेव आहे" म्हणतात. त्या झग्याची फडकी करावीत आणि मुलाने त्या फडक्यांनी रस्त्यावरच्या दिव्यांच्या काचा पुसाव्यात. कापड चांगले आहे, पाणी पटकन शोषते. मालिकेच्या लेखकाला माझ्याकडून काही नाही. त्याने नटीला दाढेसाठी एक दिवसाची रजा दिली असती तर आज माझ्या घरात तीन माणसे समोरासमोर बसून जेवली असती. माझ्या अंत्ययात्रेला विझव्यांनी यायला हरकत नाही, पण जिन्यातला दिवा चालू राहील. टपालवाल्यांना दुसरा खुबा आहे आणि तो त्यांना हवा आहे.

राहिला आरसा. रंगपटातला मोठा आरसा, भोवती दिवे बसवलेला. मालिका आवरली तेव्हा मी तो घरी आणला. मी अंथरुणाला खिळल्यापासून मुलगी दर मंगळवारी येते, स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसते, औषधांची चौकशी करते. मी मुलाला म्हणालो, "तो आरसा समोरच्या भिंतीवर लाव. दाढी करायला."

"पलंगावरून? इतक्या लांबून?"

"माझी नजर चांगली आहे."

त्याने स्टुलाकडे बघितले, भिंतीकडे बघितले, आणि ड्रिल घेऊन आला. आरसा मी सांगितले होते त्यापेक्षा त्याने खाली लावला. मंगळवारी मला कळले, ती बसली की तिचा चेहरा बरोबर तिथे येतो. कित्येक वर्षांनी मी माझी पोर पाहिली. कपाळावरचे केस पांढरे झाले आहेत. हनुवटी आईची. तिनेही मला पाहिले. पंथाच्या नियमांत आरसा नाही, कारण लेखकाला तो सुचलाच नव्हता. तिने स्टूल तसूभरही हलवले नाही.

मागच्या मंगळवारी ती बसली असतानाच अंधारून आले. आरसा काळा पडला. मला वाटले, झाले, आता उठून जाईल. ती उठली. भिंत चाचपत गेली आणि आरशाच्या दिव्यांचे बटण दाबले. विझव्यांत दिवा लावणे हे महापाप, लावणाऱ्याला वाळीत टाकतात. ती परत स्टुलावर येऊन बसली, आरशातून माझ्याकडे नीट बघितले आणि म्हणाली, "एक जळालाय. दादाला सांगा."

मी फार सुखाने रडलो. हे वकीलबाईंनी खोडायला सांगितले होते, मी ठेवले आहे.

तरी तो आरसा मुलीचा. तो त्याच भिंतीवर राहावा, स्टूल हलवू नये. त्याचे दिवे गेले तर बदलण्याची जबाबदारी मुलाची, आणि ती त्याने स्वतः येऊन, बहीण घरात असताना पार पाडावी. खात्यातला दुसरा माणूस पाठवू नये.

तो जळालेला दिवा मी मुलाला अजून सांगितलेला नाही. हे वाचून झाले की त्याने उठून तो बदलावा. नवा दिवा स्टुलाखाली ठेवला आहे. तो त्याच्या हातात बहिणीने द्यावा.

स्थळ: राहते घर, मागची खोली.
दिनांक: अकरा मार्च, मंगळवार, ती येण्यापूर्वी.

मृत्युपत्र करणार: (सही) तमोगुरूचे काम केलेला नट

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष सही झाली:
१. (सही) खालच्या मजल्यावरचे टपालवाले
२. (सही) शेजारच्या दंतवैद्यबाई. नटीची दाढ मीच काढली. ती किडलेली होती, त्यापलीकडे तिच्यात काही नव्हते.