चांद्या बैल हा तुतारीचा सुटा भाग नसल्याबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी साहेब,
पशुवैद्यकीय दवाखाना, मुकुटबन,
ता. झरी जामणी, जि. यवतमाळ.

अर्जदार : मारोती विठ्ठल ढवस, धंदा शेती व ऑनलाइन विक्रेता, रा. मुकुटबन.

विषय : माझा बैल नामे चांद्या हा तुतारीचा सुटा भाग नसून स्वतंत्र जनावर असल्याचा दाखला पोळ्याच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ : १) 'झटपट हाट' या ऑनलाइन बाजाराचा संदेश, "उर्वरित भाग पाठवा".
२) आपले सोमवारचे तोंडी म्हणणे, "लेखी द्या".

महोदय,

वरील विषयी सविनय अर्ज सादर करतो की, सोमवारी मी आपणास समक्ष भेटून सर्व हकिकत सांगितली असता आपण पोट धरून हसलात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बैल दुसऱ्याचा असता तर मीही हसलो असतो. परंतु लेखी द्या म्हणालात म्हणून लेखी देत आहे, आणि हे वाचताना हसू नये अशी पहिली विनंती आहे.

१) मी पोळ्याच्या हंगामात बैलांचा साज विकतो. झुली, कपाळावर बांधायच्या मठाट्या, घुंगरमाळा, गोंडे आणि माझ्या हातच्या तुताऱ्या. माझी सून निकिता ही वणीच्या कॉलेजात शिकलेली आहे. तिने यंदा हा साज फोटो काढून 'झटपट हाट'वर चढवला. तेव्हापासून कंपनी मला 'सन्माननीय विक्रेता' म्हणते. घरची मंडळी अजून रिकामटेकडाच म्हणते.

२) आपली बदली कोणीकडून झाली आहे हे मला माहीत नाही, म्हणून खुलासा करतो. आमच्या भागात तुतारी म्हणजे बैल हाकायची वेळूची काठी. टोकाला लोखंडी आर, खाली रंगीत गोंडा. बैल अडला की नुसती दाखवायची, शहाण्या बैलाला तेवढे पुरते. पश्चिमेकडे याच नावाचे तोंडाने फुंकायचे वाद्य असते, हे मला साठी उलटल्यावर समजले. आमच्याकडे कोणी तुतारी फुंकतो म्हणाला तर लोक त्याले डोकं दाखवाले नागपूरले नेतील.

३) श्री. नयन पाटणकर, रा. डोंबिवली (पूर्व), हे त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. सोसायटीचा गणपती वाजतगाजत आणावा म्हणून त्यांनी 'अस्सल वऱ्हाडी तुतारी' मागवली. निकिताने ती नीट गुंडाळून पाठवली. पाटणकर साहेबांनी ती सर्व सभासदांसमोर उघडली, आणि काठी आहे हे डोळ्यांनी दिसत असूनही फुंकली. त्यांची तक्रार जशीच्या तशी देतो : "आवाज येत नाही. फुंकण्याचे भोक सापडले नाही. टोकाला खिळा निघाला असून तो ओठाला लागला." माणूस खोटे बोलत नव्हता हे मी मान्य करतो.

४) यावर कंपनीने मला 'वस्तू चालू स्थितीत असल्याचा पुरावा, आवाजासह' मागितला. निकिता म्हणाली, "मामाजी, तुम्ही लिवू नका, मी पाह्यतो." परंतु माझा स्वभाव तापट आहे. माझ्या तुतारीत खोट काढलेली मी ऐकून घेत नाही. मी स्वतः मोबाईल घेतला व गोठ्यात जाऊन चांद्याला लांबून तशीच दुसरी तुतारी दाखवली. आर त्याच्या अंगाला लागली नाही, हे आपले कार्यालय जनावरांचे असल्याने मुद्दाम नमूद करतो. तरी चांद्याला अपमान वाटला व तो मोठ्याने डुरकला. ते चित्रण मी पाठवले, व खाली स्वतःच्या हाताने लिहिले : "तुतारीले आवाज नसते. आवाज बैलाचा येते."

हे एक वाक्य लिहिले नसते तर हा अर्ज लिहावा लागला नसता.

५) कंपनीच्या मदत कक्षात उर्वशी नावाच्या बाई आहेत. त्यांचे उत्तर लगेच आले : "आपण दिलेल्या माहितीनुसार उत्पादनाचा आवाज बैलामधून येतो. ग्राहकास बैल प्राप्त झालेला नाही. कृपया उर्वरित भाग (बैल, नग एक) पाठवावा. आपल्या संयमाबद्दल धन्यवाद."

मी बाईंना लिहिले की बैल विक्रीस नाही. त्या म्हणाल्या, आपली अडचण आम्हाला समजते. मी लिहिले, काय समजली ते सांगा. त्या म्हणाल्या, आपल्या संयमाबद्दल धन्यवाद. माझ्यात संयम उरला नव्हता, तरी त्या धन्यवाद देतच होत्या. शेवटी मी विचारले, बाई, तुमचं माहेर कोणतं. त्यावर त्यांनी मला तीन पर्याय दिले, त्यांपैकी एकही गाव नव्हते. निकिता म्हणते की उर्वशी ही बाई नसून यंत्र आहे. असेल. पण मग बैल कशाला म्हणतात हे त्या यंत्राला कोणीतरी सांगायला पाहिजे, आणि ते काम आपल्या खात्याचे आहे असे माझे मत आहे.

६) पुढे पार्सल उचलायला संघदीप आला. तो वणीचा असून कामाला चोख आहे. त्याच्या मोबाईलमध्ये 'बैल, नाजूक वस्तू, टोकदार भाग झाकावेत' असे आले होते व तो खरोखर शिंगांना गुंडाळायला फुग्यांचा कागद घेऊन आला होता. गोठ्यात चांद्याला पाहून तो उंबरठ्यावरच थांबला. म्हणाला, "काका, हे तं माह्या गाडीवर बसत नाही." मी म्हटले, अरे बाबा, न्यायचाच नाही. तो म्हणाला, मग तसे लिहून टाकतो.

साहेब, इथे खरी गोम आहे. लिहायचे तर आधी पार्सलवरचा काळ्या रेघांचा पट्टा मोबाईलने टिपावा लागतो. पट्टा कुठेच नव्हता. चांद्याच्या कानात आपल्या खात्याने मारलेला पिवळा बिल्ला आहे, त्यावर मात्र पट्टा आहे. संघदीपने तो टिपला. टिपल्यावर त्याच्या मोबाईलवर दोनच पर्याय आले, 'घरी कोणी नाही' आणि 'पार्सल उचलले'. मी, माझी बायको इंदुताई, निकिता आणि चांद्या असे सगळे घरी होतो. संघदीप म्हणाला, "खोटं काहून लिवू," आणि त्याने दुसरे बटण दाबले. त्याला चहा पाजून आम्ही वाटेला लावले. मी त्याला दोष देत नाही.

७) त्या दिवसापासून माझा बैल प्रवासात आहे. निकिताच्या मोबाईलवर रोज त्याचा ठिकाणा येतो. आधी तो नागपूरच्या गोदामात होता. मग अकोल्याहून निघाला. भुसावळला पाऊस असल्याने त्याला उशीर होणार असे कळवून कंपनीने माफी मागितली. हा संदेश मी गोठ्यात उभा राहून चांद्याला वाचून दाखवला तेव्हा तो कुटार खात होता. ज्या बैलाने वणीचा बाजार पाह्यला नाही, तो कागदोपत्री माझ्याहून जास्त फिरला.

८) गावात मात्र ही गोष्ट थट्टेची राहिली नाही. आमच्या गल्लीचा पोळा वामनराव पाहतात. तोरणाखाली कोणती जोडी कुठे उभी राहील हे तेच ठरवतात. त्यांना कोणीतरी मोबाईल दाखवला. ते घरी आले, गोठ्यात जाऊन चांद्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि मला म्हणाले, "मारोती, बैल तं तुह्या दारी हाय, पण तुह्या नावावर नाही. दुसऱ्याच्या बैलावर आपली झूल कशी टाकशीन?" मी म्हटले, वामनराव, तुमच्या हाताखाली बैल उभा आहे. ते म्हणाले, "हात कोणी पाह्यत नाही आता. कागद आण." मला त्यांचा राग आला. परंतु ते चुकले कुठे हे सांगता येईना म्हणून जास्त राग आला.

९) काल कंपनीचा शेवटचा संदेश आला. बैल कल्याणला पोचून 'सापडत नाही' असे निघाले. सबब ग्राहकाची वस्तू विक्रेत्याने अडवून ठेवली असे समजून, ती ताब्यात घेण्यासाठी कंपनीची मोठी गाडी शुक्रवारी माझ्या घरी येत आहे. शुक्रवारी पोळा आहे. खाली पुन्हा संयमाबद्दल धन्यवाद होते.

१०) मी पाटणकर साहेबांना फोन लावला. शिव्या द्यायच्या अशी पूर्ण तयारी होती. पण माणूस माझ्यापेक्षा घाबरलेला निघाला. त्यांना 'आपला बैल लवकरच पोहोचत आहे' असा संदेश रोज येतो. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. सोसायटीने तातडीची सभा घेऊन बैल लिफ्टमधून नेण्यास मनाई केली व जिन्याबाबत निर्णय राखून ठेवला. त्यांनी कंपनीला बैल नको असे कळवले, तर उत्तर आले की परत करायचा असल्यास आधी स्वीकारावा लागेल. ते मला म्हणाले, "ढवसकाका, मला फक्त गणपती आणायचा होता हो." मला त्यांची कीव आली. त्यांनी बैल नको असल्याचे पत्र सही करून, सोसायटीच्या ठरावासह, मोबाईलवर पाठवले आहे. तुतारी मात्र परत देत नाही म्हणाले, माळ्यावरचे डबे खाली ओढायला बरी पडते.

एकूण, घेणाऱ्याला बैल नको, देणाऱ्याला द्यायचा नाही, नेणाऱ्याला नेता येत नाही. तरी बैल चालला आहे.

११) आता जे लिहितो ते अर्जात लिहायचे नसते असे निकिता म्हणते. तरी लिहितो. चांद्या आमच्याच गोठ्यात जन्मला. त्याची माय तो उभा राहायच्या आत गेली. इंदुताईने त्याला चिंधी दुधात बुडवून वाढवला. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून नावही तिनेच ठेवले. त्याच्या जोडीचा कवड्या एकटा जू घेत नाही, आणि चांद्या दुसऱ्याच्या हाकेला मान वळवत नाही. घरात ट्रॅक्टर भाड्याने आणायचे बोलणे निघाले तेव्हा इंदुताई म्हणाली, बैल उभे राहतील तोवर राहू द्या. बैलाच्या आवाजाचे ते वाक्य मी कंपनीला लिहिल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. भाकर वाढते, पण ताट सरकवून देते. परवा चांद्याला पाणी दाखवताना मी ऐकेन इतक्या आवाजात ती त्याला म्हणाली, "तुह्या मालकानं एका गोष्टीपायी तुले घालवलं रे बाबा." मला त्या बैलाची माया आहे, साहेब, आणि बायकोची पण आहे. दोन्ही शुक्रवारपर्यंत हातून जाऊन राह्यल्या.

गुरुवारी संध्याकाळी खांदशेकणी. खांद्याला तूप-हळद लावून बैलाला म्हणायचे असते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन दिलेला पाहुणा जेवणाआधी दारातून उचलून नेऊ देणे हे आमच्या घरात आजवर झाले नाही. बरे, आवतन दिलेच नाही तर इंदुताई मला घरात राहू देणार नाही.

१२) तरी मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन खालीलप्रमाणे दाखला द्यावा ही विनंती :

अ) चांद्या हा बैल असून तो तुतारीचा, अथवा कोणत्याही वाद्याचा, सुटा, उर्वरित किंवा जोडभाग नाही.

ब) त्याच्या कानातला बिल्ला टिपल्याने बैल हालत नाही. बैल हालवायला तुतारी लागते, आणि या प्रकरणातली तुतारी तर डोंबिवलीला आहे.

क) तो आजच्या तारखेस मुकुटबन येथेच आहे, कुटार खातो, व मारोती विठ्ठल ढवस यांच्या मालकीचा आहे. शक्य असल्यास इंदुताईचेही नाव टाकावे, म्हणजे ती बोलेल.

ड) वरील दाखला गुरुवारच्या आत देता येत नसेल, व नियमाने बैल हा तुतारीचा भागच ठरत असेल, तर माझी पर्यायी विनंती अशी की, तुतारी आपोआप उचलली जात नाही. तिला हात लागतो. तो हात माझा आहे. सबब मलाही उर्वरित भाग (मारोती, नग एक) समजून त्याच गाडीत, त्याच दाव्याला, चांद्याशेजारी चढवण्याची परवानगी असावी. कल्याणला तो सापडला नाही, कारण त्याला ओळखीच्या आवाजाने हाक मारणारे तिथे कोणी नव्हते. मी असलो म्हणजे सापडेल.

हसला असाल तर हरकत नाही, पण शिक्का मारूनच हसावे.

आपला नम्र,
(शुक्रवारपर्यंत तरी बैलाचा मालक)

मारोती विठ्ठल ढवस
मुकुटबन, दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत जोडले :

१) कंपनीच्या संदेशांच्या छापील प्रती. उर्वशीबाईंच्या प्रती जास्त आहेत.

२) श्री. पाटणकर यांचे बैल नको असल्याचे पत्र व सोसायटीचा ठराव.

३) चांद्याचा आजच्या पेपरसह फोटो. पेपरचा कोपरा त्याने खाल्ला आहे, तरी तारीख दिसते.

४) चांद्या (मूळ प्रत). दवाखान्याच्या फाटकाजवळ लिंबाला बांधला आहे, इंदुताई दावे धरून उभी आहे. पडताळणी करून तिच्याच हाती परत द्यावा.