जनान्याला न दिसलेला शेवट

अण्णा, परवा तो सिनेमा मी शेवटपर्यंत पाहिला. तुम्ही मशीन चालवायचात त्याच टॉकीजमध्ये, सकाळच्या खेळाला, कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर. आता तिथं जनान्याचा पडदा राहिला नाही. तुमच्या वेळी पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन वर्षं लोटली तरी बायका बसत त्या वरच्या सज्जाला तो होताच, आणि पुरुषांची नजर पडू नये म्हणून दिवे लागायच्या आत बायकांनी मागच्या जिन्यानं निघून जायचं असे. त्यामुळं आमच्या गल्लीतल्या एकाही बाईनं कुठल्याच सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता. तो तुम्ही घरी येऊन सांगायचात.

हा सिनेमा लागला त्या दिवशीही अंगणात आई, शेजारची खाला आणि इतर बायका तुमची वाट बघत बसल्या आहेत. सिनेमातली मुलगी गावातल्या मास्तरला सोडून गाणं शिकायला मुंबईला जाते, मोठं नाव कमावते, आणि एक दिवस गावाकडची गाडी धरते, इथवर सगळ्यांनी पाहिलंय. "फिर क्या हुआ भाईसाब, बोलो नं," खाला म्हणते. "आधी चहा, मग शेवट," तुम्ही म्हणता. चहा होतो. मी पायरीवर बसलेली. तुम्ही एकदा माझ्याकडं बघता आणि सांगता, "मास्तर वाट बघतच व्हता. तिनं गाणंबिणं सोडलं, संसाराला लागली. सुखी झाली." खाला ओढणीनं डोळे पुसते.

तुम्ही देवाघरी गेलात आणि तो शेवट आमच्या घरात राहून गेला. मी बी.ए. झाले, आपल्या घरातली पहिली. पुण्याला एम.ए.ला जागा मिळालीय, वसतिगृहही. सोमवारपर्यंत होकार कळवायचाय. काकांनी कन्नड तालुक्यातलं स्थळ आणलंय, माणसं रविवारी बघायला येतात. शेती आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, नाव ठेवायला जागा नाही. मी पुण्याचं काढलं तेव्हा आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "ती सिनेमातली बी गेली व्हती मोठी व्हायला. परत आलीच का नाय? तुझ्या अण्णांनी सोताच्या डोळ्यांनी पाह्यलं."

खरा शेवट माझ्या ओठांवर होता. सांगितला तर कदाचित आई ऐकेल, कारण तिच्याकडं साक्षीदार एकच आहे. पण मग तिच्यासाठी तुम्ही खोटे ठरता, आणि तुमचं म्हणून तिच्याजवळ फार थोडं उरलंय. काकांशी मी भांडेन. तुमच्याशी कसं भांडू? मला शाळेत घ्यावं म्हणून मोठ्या बाईंच्या दारात तुम्हीच उभे राहिला होतात. मग पायरीवरच्या पोरीकडं बघून असा शेवट का सांगितलात? मी दूर जाईन अशी भीती वाटली, की त्या बायकांना चुलीपाशी रडत पाठवायचं तुमच्या जिवावर आलं? दोन्ही मनात घोळवते. कुठल्याच बाजूनं वाट निघत नाही. हा कागद लपवायचीही गरज नाही, आईला वाचता येत नाही.

खरं तर काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. मास्तरच्या अंगणात त्याची बायको लेकराला भरवत असते. ते पाहून गाणारी मुलगी फाटकातूनच मागं फिरते, आणि शेवटी भरलेल्या सभागृहात एकटी गात राहते. माझी मैत्रीण कानाशी म्हणाली, "बघ, जिंकली." मी मान हलवली. पण अण्णा, ती फाटकाशी उभी होती तेव्हा मी मनातून म्हणत होते, जा, आत जा.