फाटकापासूनची हाक

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू आधी दोन दिवस कपाटावर टाकून ठेवशील, हे मला ठाऊक आहे. ठेव. लहानपणी रुसलीस की तुझ्या वाटचं बिस्किट तू अशीच ताटलीत ठेवून द्यायचीस, आणि शेवटी ते मीच खायचो. पत्राचं तसं करता येणार नाही. तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बहिणीला पोस्टाने पत्र टाकणारा भाऊ म्हणजे हसण्यावारी न्यायचीच गोष्ट. खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचून माझ्याकडे एकदा बघितलंच. तुझ्या लेकीच्या हाती दिलं असतं तर तिने वाटेतच फोडून वाचलं असतं. आणि मी स्वतः घेऊन येणं शक्य नाही. चार वर्षं तू मला दार उघडलेलं नाहीस, आणि त्याबद्दल तक्रार करायला मी तोंड ठेवलेलं नाही.

आधी इकडचं सांगतो. आमच्या माजी सैनिक संघटनेच्या हॉलचं छत आम्ही या उन्हाळ्यात स्वतःच दुरुस्त केलं. सत्तरीचे अध्यक्ष शिडीवर चढायला निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोने खालून शिडी काढूनच घेतली. जहाजावर तीस वर्षं स्वयंपाक केलेला माणूस, त्याला उंचीचं काय कळणार, असं ती म्हणाली. बुधवारी सैनिकांच्या मुलांचा अभ्यास घेतो. शनिवारी आसपासची कुठलीही पोरं येतात, त्यांना मी रेडिओ उघडायला आणि जमलं तर परत जोडायला शिकवतो. ‘बिनतारी मामा’ म्हणतात मला. मागच्या आठवड्यात एकीने सगळं जोडून झाल्यावर चार स्क्रू माझ्या हातावर ठेवले आणि हे जास्तीचे आहेत म्हणाली. रेडिओ चालत होता, त्यामुळे मी काय बोलणार! शिवाय आमची व्हॅन आता फक्त सैनिकांच्या आईवडिलांसाठी राहिलेली नाही. गल्लीतल्या कोणाही म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं असलं की फोन येतो, आणि ज्याचे डोळे त्यातल्या त्यात धड आहेत तो चालवतो.

तुझे ‘हे’ निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी हॉलवर येतात, मोठ्या मुलांना नकाशा वाचायला शिकवतात. तुला हे माहीत असणारच, पण आमच्यात काय बोलणं होतं ते कळावं म्हणून सांगतो: काही होत नाही. घरचा विषय निघाला की मेहुणे ताकास तूर लागू देत नाहीत. एकदा मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, तुम्हा भावाबहिणीच्या मध्ये मी पडलो तर दोन्हीकडून मार मलाच. शहाणा माणूस आहे. तू निवडला होतास, तेव्हा मीच नाक मुरडलं होतं, हेही आता कबूल करून टाकतो.

आता त्या मंगळवारबद्दल. चार वर्षांत मी ते कोणाकडे धड बोललेलो नाही. तुझी लेक सोळा वर्षांची होती. तिने भंगारातल्या भागांतून बनवलेला रेडिओ संच संघटनेच्या निवडीत पहिला आला, आणि महिनाभराच्या शिबिरासाठी तिचं नाव पक्कं झालं. पत्र पाठवायची पद्धत होती. मलाच हौस आली, की आपल्याच घरात मान येतोय तर तो थाटात न्यावा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ब्लेझरला इस्त्री केली, चारही पदकं लावली, अध्यक्षांनाही लावायला लावली. सकाळी अकरा वाजता आम्ही दोघं तुझ्या दारात. मेहुणे सरहद्दीवर होते आणि त्यांच्याकडून एकोणीस दिवस काही कळलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही डोक्यात आलं नाही. बेल वाजवली, टोपी काढून काखेत धरली, टाचा जुळवल्या. तू दार उघडलंस तेव्हा तुझ्या हातात ओला उशीचा अभ्रा होता. मी सुरुवात केली, संघटनेच्या वतीने आम्ही आपल्याला कळवू इच्छितो... आणि तू उंबऱ्यावर खाली बसलीस.

तू रडली नाहीस. कधी, एवढंच विचारलंस. मला प्रश्नच कळला नाही गं. अध्यक्षांना माझ्याआधी कळला, त्यांनी तिथल्या तिथे गुडघ्यावर बसून तुला सांगितलं, की बाई, तुमचा माणूस ठीक आहे, आम्ही मुलीच्या शिबिराचं सांगायला आलोय. ज्या माणसाचा गुडघा चार वर्षं वाकला नव्हता तो वाकला. आणि मी? मी हसलो. म्हणालो, किती घाबरट आहेस ठमे, सैनिकाची बायको ना तू! त्यानंतर तू दार लावून घेतलंस. बरोबर केलंस.

ब्लेझरचा राग तू कधीच सोडला असशील. हसण्याचा सुटलेला नाही, आणि सुटू नये. पण मी का हसलो ते तुला सांगायचं राहिलंय. नोकरीत असताना मी तीन वेळा असा दारात उभा राहिलो होतो. अधिकारी पुढे, मी एक पाऊल मागे. टोपी काखेत, टाचा जुळलेल्या. एकदा एका म्हाताऱ्या सुताराच्या घरी, त्याने आम्हाला आधी पाणी दिलं, मग मुलगा गेल्याची बातमी ऐकली. हे मी घरी कोणालाच सांगितलं नाही, तुझ्या वहिनीलासुद्धा नाही. वर्दीच्या कामासाठी कोणाच्या दारात उभं राहायची मला तेवढी एकच रीत येत होती. अंगाने ती आपोआप केली आणि शिबिराची बातमी मी त्याच पद्धतीने आणली. तू खाली बसलीस तेव्हा मला तो सुतार दिसला. घाबरलो मी, तू नाही. घाबरलेला माणूस कधी कधी मूर्खासारखा हसतो. ही सबब नाही. चूक माझी आहे आणि मला तिची लाज वाटते.

त्याच आठवड्यात अध्यक्षांनी बैठक घेतली. तेव्हापासून आमच्याकडे फाटकाचा नियम आहे, आणि नव्या सभासदाला तो पहिल्या दिवशी पाठ करावा लागतो. ज्या घरचं माणूस नोकरीवर आहे तिथे ब्लेझर घालून जायचं नाही. दोघांनी मिळून जायचं नाही. टोपी डोक्यावरून काढायची नाही. आणि फाटकापासूनच मोठ्याने ओरडत जायचं, काय कामाला आलोय ते. नळ बघायला आलोय, सगळं ठीक आहे! पुस्तकं द्यायला आलोय, सगळं ठीक आहे! लोकांना आम्ही वेडे वाटतो. अध्यक्ष तर बसथांब्यापासूनच सुरू करतात. कोपऱ्यावरच्या नर्सबाईंचा नवरा नौदलाच्या जहाजावर आहे, त्यांचा चार वर्षांचा मुलगा आता संडासातून बाहेर येतानाही सगळं ठीक आहे म्हणून ओरडतो. हा नियम तुझ्यामुळे झाला, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुलाच तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

तुझ्या रस्त्याने मी जातो अधूनमधून. फाटकाची बिजागरी इतकी करकरते, की कोपऱ्यावर ऐकू येते. मला वाटायचं, मेहुण्यांचा आळस. मग तुझ्या लेकीने सांगितलं, की आई तेल घालू देत नाही. त्या मंगळवारपासून नाही. कोणी येत असेल तर दाराशी पोचायच्या आधी कळावं म्हणून. नवरा सुखरूप घरी आला, निवृत्त झाला, तरी नाही.

आणि आता तीच पोर चौदा तारखेला भरती होऊन जातेय. तिच्या पिशवीवर तू नाव शिवून दिलंस, ते तिने मला दाखवलं. टाके बघूनच कळलं, की शिवताना तू कोणाशी बोलत नव्हतीस. काल ती फॉर्म घेऊन आली. काही झालं तर आधी कोणाला कळवावं, असा त्यात एक रकाना आहे. तिथे तिने तुझं नाव लिहिलेलं नाही, बापाचंही नाही. माझं लिहिलंय. म्हणाली, मामा, आईच्या दारात परकी माणसं टोपी काढून उभी राहायला नकोत. जे काही असेल ते तू जाऊन सांग. शेजारी माझी सही हवी आहे. मी केलेली नाही. ज्या बहिणीने मला दार बंद केलंय तिच्या दाराची जबाबदारी तिला न विचारता मी कशी घेऊ? फॉर्म सोमवारी द्यायचाय. रविवारी दहा वाजता मी येईन. साधा शर्ट, डोक्यावर टोपी, एकटा. फाटकाला आतून कडी असेल तर समजेन, मुकाट्याने परत जाईन आणि पोरीला सांगेन, की नाव बदल. कडी नसेल तर पुढेही येत राहीन, दर रविवारी, आणि गल्ली गोळा होईल इतक्या मोठ्याने सगळं ठीक आहे म्हणून ओरडत येईन. बिजागरीला मी हात लावणार नाही. आणि ठमे, एखाद्या दिवशी मी न ओरडता आलो, तर तुला फाटकापासूनच कळेल. पण तेव्हाही येणारा मीच असेन, आणि या वेळी तुझ्याआधी खाली उंबऱ्यावर मी बसेन.

तुझाच,
दादा