अंजूची पाचवी गाठ

मु. कवठाळी, ता. देवणी
२४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. पार्वतम्मा आत्यास,
मंजुश्रीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. अप्पांचा खोकला तेवढा जात नाही, अव्वाची कंबर अधूनमधून धरते. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानंच जोडतेस, म्हणून पत्र लिहितेय. मागच्या वेळी मी मंडळाचं सांगत होते, तर तू अख्ख्या गल्लीत माझं लग्न ठरल्याचे पेढे वाटायला निघालीस. मामांनी अडवलं म्हणून बरं.

तर नीट वाच. लग्न नाही, मंडळ. आपल्या गावच्या युवक मंडळानं यंदापासून लहान मुलींची शाखा काढली आणि काकांच्या मल्लेशदादानं मला त्यांची ताई नेमलं. अध्यक्ष झाल्यापासून तो बोलतो पण अध्यक्षासारखंच. पोरी दिवसभर खोलीच्या दारात उभ्या राहून कॅरम बघतात, त्यांना कुठंतरी गुंतव, असं म्हणाला. मी गुंतवलं.

मंडळाचे पाच नियम पोरं नुसते पाठ म्हणतात. मी ठरवलं, आपण ते खेळायचे. वाटून खायचं, म्हणून प्रत्येकीनं घरून एकच जिन्नस आणायचा आणि सगळ्यांची मिळून एकाच पातेल्यात भज्जीची भाजी करायची. एक तुरीचे दाणे घेऊन आली, एक मेथी, एकीनं नुसतं मीठ आणलं तर बाकीच्या तिला हसल्या. मग मी बिनमिठाची भज्जी चाखायला दिली. तोंडं बघायला पाहिजे होतीस! भ्यायचं नाही, म्हणून डोळे बांधून आपल्या गोठ्यातून चालायचं, मैत्रीण बाहेरून वाट सांगणार, बाजूला आपला खोंड फुरफुरतोय. शिवार राखायचं म्हणून बांधावरचं प्लास्टिक वेचायच्या शर्यती लावल्या. आणि सगळे सारखे, म्हणून एक दिवस सगळ्यांच्या चपलांचा ढीग केला, हाताला येईल ती घालून शाळेत जायचं. सरपंचांच्या पुनमच्या वाट्याला आपल्या ग्यानोबाच्या अंजूची तार बांधलेली चप्पल आली. पुनमच्या पायात काटा मोडला. ती रडली, पण दुसऱ्या दिवशी अंजूला आपली जुनी चप्पल घेऊन आली. अंजूनं ती घेतली नाही. ताठ पोरगी आहे.

मंडळाची जुनी रीत मी पण चालवली आहे. नियम पाळून दाखवला की मनगटाच्या लाल दोऱ्याला एक गाठ. तुझी वाट बघून राहिले आहे, मार्गशीर्षातल्या अवसेला, येळवशीला येशील ना?

मामांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मंजू

अर्धापूर
२ डिसेंबर २०२४

चि. मंजुश्रीस,
पार्वतम्माचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. मामांना मोठ्यानं वाचायला लावलं. भज्जीचं ऐकून ते हसले आणि लगेच मला म्हणाले, आज मीठ विसरलीस. या माणसाला काय करावं! केळीच्या घडांना कापडं बांधायचं काम चाललंय, थंडी लई पडून राहिली, बाकी बरं हाय.

पेढे मी वाटले न्हाईत, फक्त सांगितले होते. आता मंडळच हाय म्हणतेस तर मंडळ. पण बाई, तू गाठी बांधून राहिलीस, पुढचा इचार केलास का? ज्याच्या पाच गाठी आधी पुऱ्या, त्यानं येळवशीला महादेवाच्या रानात चर शिंपायचा, ही पण त्या मंडळाचीच रीत हाय. मी माहेरी होते तेव्हापास्नं बघते. आंबिलीनं भरलेलं मडकं, ते बिंदगं घेऊन कडब्याच्या कोपीला फेरे घालायचे, पिकावर शिंपत जायचं, आणि मागनं सगळ्या गावानं ओ द्यायची. आजवर ते बिंदगं पोरांच्याच हातात बघितलं. समजा तुझ्या एखाद्या पोरीच्या पाच गाठी आधी झाल्या, मग?

मी भिववत न्हाई. मला तर बघायचंय. पण मल्लेश माझाच भाचा हाय, लहानपणी गोट्यात हरला की गोट्याच उचलून पळायचा. म्हणून म्हणते, खेळायच्या आधी नियम सगळ्यांसमोर वाचून घे.

गुडघ्यानं साथ दिली तर येईन. अप्पाला आणि तुझ्या अव्वाला आशीर्वाद. असंच लिहीत जा, जीव तुझ्याकडं असतो.

तुझी आत्या

कवठाळी
१४ डिसेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं तोंड काय म्हणावं! झालं तेच.

पाचवा नियम उरला होता, खरं बोलायचं. त्यासाठी मी चेंडूचा खेळ काढला. गोल बसायचं, चेंडू ज्या मुलीकडे येईल तिनं लपवून ठेवलेली एक गोष्ट सांगायची. एकीनं साखर खाल्ल्याचं सांगितलं, एकीनं भावाची पाटी फोडल्याचं. चेंडू अंजूकडे गेला तसा तिचा चेहरा उतरला. मग उभी राहिली आणि म्हणाली की मंडळाच्या कॅरमचा स्ट्रायकर तिनं नेला होता, ठिकरी म्हणून खेळायला, आणि तो बारवेत पडला. आत्या, त्या स्ट्रायकरवरून महिनाभर पोरांत मारामाऱ्या चालल्या होत्या! कुणाला तिचा संशयही नव्हता. गप्प बसली असती तर जन्मभर कळलं नसतं. बाकीच्या पोरींच्या तीनच होत्या, तिच्या चार आधीच पुऱ्या, मी तिथंच तिला पाचवी गाठ बांधली. पोरांत अजून कुणाच्या चारच्या वर नाहीत.

संध्याकाळी मल्लेशदादा घरी आला. आधी म्हणाला, पोरींच्या गाठी म्हणजे खेळातल्या गाठी, त्या धरायच्या नसतात. मी विचारलं, हे नेमताना का नाही सांगितलं? तर वळून म्हणाला, चोरटीच्या हातून महादेवाला चर शिंपायचा का? मग मीही सोडलं नाही. चोरी तिनं स्वतः सांगितली, तुझ्या एकातरी पोरानं आजवर काही सांगितलंय का, असं तोंडावर विचारलं. तो अप्पांकडे वळला.

आणि अप्पा, आत्या, आपले अप्पा! महादेवाच्या रानाची वहिवाट त्यांच्याकडे, बिंदगं त्यांनीच उचलून द्यायचं असतं. ते एवढंच म्हणाले की गाठ तू बांधलीस, तूच सोड, विषय मिटव. नाही सोडली तर मुलींची शाखा बंद, खोलीला मुली शिवणार नाहीत, असं दादा जाता जाता सांगून गेला. येळवस तीस तारखेला आहे.

मी सोडणार नाही. आज ती गाठ सोडली तर त्या वीस पोरींना मी काय शिकवलं? खरं बोला आणि मार खा, हेच ना? ग्यानोबा मात्र घाबरलाय. आपल्याच घरी सालानं कामाला आहे, काल अव्वाजवळ म्हणाला की माझ्या लेकरासाठी भांडू नका, आम्हाला इथंच राहायचंय. अंजू दोरा बाहीत लपवून फिरते. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तुझा शब्द अप्पा ऐकतात. रागाला आवर घालून लिही, किंवा घालू नकोस.

तुझी,
मंजू

अर्धापूर
२० डिसेंबर २०२४

चि. मलप्पास,
पार्वतम्माचे अ. उ. आ.

खोकल्याला अडुळशाचा काढा घे. झालं, आता कामाचं.

तू पोरीला गाठ सोडायला सांगितलीस म्हणे. का रे? मला दोनच गोष्टी दिसतात. अंजू पोरगी हाय म्हणून, का ग्यानोबाची हाय म्हणून? दोन्हीतलं एक नाव घेऊन मला लिहून पाठव. चोरीचं सांगू नको. एवढ्याशा स्ट्रायकरला तू चोरी म्हणतोस तर आपल्या घरातल्या सगळ्यांना आत टाकावं लागंल.

पोरगी पुढं नको म्हणत असशील तर तुझ्या घरची पेरणी कोण करतं, आंबील कोण आंबवतं, त्या दिवशी भज्जीची पातेली डोक्यावर घेऊन रानात कोण जातं, ते जरा बघ. बायांनी डोक्यावर आणायचं आणि पोरांनी शिंपायचं, वा रे वा! आणि ग्यानोबाची म्हणत असशील तर मग मी काय बोलू? आपल्यात भेटल्यावर एकमेकाला शरणार्थ म्हणतो. ते कुणाला म्हणायचं आणि कुणाला न्हाई, हे आपल्या बापानं तरी शिकवलं नव्हतं.

लोक काय म्हणतील ते म्हणू देत. मंजू तुझी लेक हाय, तिला मोडलंस तर ती परत सरळ व्हायची न्हाई, आणि तुलाच रोज तिच्याकडं बघावं लागंल. गुडघा उठू देत न्हाई म्हणून येत न्हाई, न्हाईतर बिंदगं मीच उचलून त्या लेकराच्या हातात दिलं असतं.

राग मानलास तर मान. पण तुझ्या बऱ्यासाठीच म्हणते, हे समजून घे.

तुझी अक्का

कवठाळी
३१ डिसेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

रात्रभर झोप नाही, तरी आधी तुलाच लिहायला बसले.

तुझं पत्र अप्पांनी दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. काल सकाळी आम्ही महादेवाच्या रानात गेलो. कडब्याची कोप छान झाली होती, हरभरा फुलात आलाय, सगळं गाव गोळा झालेलं. पूजा झाली. मल्लेशदादानं चर शिंपणाऱ्याची घोंगडी एका पोराच्या खांद्यावर टाकली. अप्पांनी विचारलं, याच्या गाठी किती? चार, पण चालतंय, असं दादा म्हणाला. अप्पा म्हणाले, चालत नाही, नियम पाचचा आहे. मग दादानं घोंगडी स्वतःच्याच खांद्यावर घेतली. अध्यक्ष म्हणून मी शिंपतो, म्हणाला, आणि बिंदग्याला हात घातला.

दुसऱ्या बाजूनं अंजूनं धरलं होतं. कधी पुढं आली मला कळलंही नाही. बाही वर सरकवली होती, दोरा सगळ्यांना दिसत होता. माझ्या पाच हायेत, एवढंच म्हणाली. बाई गं, ग्यानोबा मागून तिला हाका मारतोय, दादा ओढतोय, आणि ही सोडायला तयार नाही. दादा गरजला की तिची गाठ आत्ताच्या आत्ता सोड. मग मीही पुढं झाले. सगळ्या गावासमोर सांगितलं की गाठ मी बांधली, ती मी सोडणार नाही, आणि ही एक सुटली तर वीस जणींचे दोरे आज इथंच काढून तुझ्या हातात देते, खोलीसकट ठेव. अव्वा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पुनमनं तर मनगट पुढंच केलं.

सगळे अप्पांकडे बघायला लागले. त्यांनी फक्त हाळी दिली. कोपीला फेरा सुरू करताना देतात ती, पोटातून, घसा खोकल्यानं बसलेला असून. आणि तुला माहीत आहे, हाळी आली की आपल्या लोकांच्या तोंडून ओ निघतेच. आधी बायांची निघाली, मग सगळ्या रानाची. एकदा ओ दिली की फेरा अडवत नाहीत. दादाचा हात आपोआप सुटला. अंजू चालायला लागली.

बिंदगं तिला जड होत होतं. निम्मी आंबील तिच्याच अंगावर सांडली. पाचही फेरे तिनं पुरे केले, एकदाही खाली ठेवलं नाही. ग्यानोबा ओ देत होता आणि डोळे पुसत होता.

आज सकाळी मंडळाच्या खोलीला नवं कुलूप दिसलं. आमची शाखा बंद, असं दादानं ग्रुपवर टाकलंय. आम्ही उद्यापासून आमच्या गोठ्यात बसणार. वीसच्या तेवीस झाल्या आहेत.

गुडघा सांभाळ आणि आमच्यावर असाच जीव ठेव.

तुझी,
मंजू

कवठाळी
६ जानेवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
मलप्पाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं होतं. उत्तर लिहायला उशीर केला, कारण तू दोनातलं एक नाव घे म्हणालीस आणि मला दोन्ही नावं घ्यायची लाज वाटली.

मंजूनं कळवलं असंल. पुढचं तिला माहीत न्हाई, तिला सांगू पण नको. परवा मल्लेश चार मोठ्या माणसांना घेऊन आला. म्हणाले, चर बाटला, पुढच्या सोमवारी पुरुषाच्या हातानं परत शिंपून घेऊ, म्हणजे गावाला दोष न्हाई. हरभरा बिघडला, गहू कमी उतरला तर त्या पोरीचं नाव निघंल, तिच्याच भल्यासाठी म्हणतो, असं गोड बोलून राहिले. ग्यानोबा दारातच उभा होता. दुपारीच मला म्हणाला होता की बायकोच्या माहेरी, धर्माबादला निघून जातो, मालक, हिशोब करा.

अक्का, मी कधी गावाला न्हाई म्हटलं न्हाई, तुला माहीत हाय. पण माझ्या डोळ्यापुढं ते लेकरू दिसत होतं, भिजलेलं, दात खाऊन चालणारं. मी ग्यानोबाला आत बोलावलं, माझ्या शेजारी बाजेवर बसवलं. मग त्यांना सांगितलं की हाळी मी दिली, तुम्ही ओ दिली, चर झाला. दुसऱ्यांदा व्हायचा न्हाई. पीक चांगलं आलं तर सगळ्या गावाचं. बुडालं तर माझं नाव घ्या, मलप्पानं बुडवलं म्हणा, चावडीवर म्हणा, माझ्या तोंडावर म्हणा. त्या लेकराचं नाव ज्याच्या तोंडून निघंल, त्यानं माझ्या दारात पाऊल ठेवू नये.

ते उठून गेले. चहा तसाच राहिला.

शरणार्थ. भावावर लोभ वाढवशील तर आता तो मी कमावलाय असं वाटंल.

तुझा,
मलप्पा