खाली बसलेलं खमीर

उस्ताद, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. आज लिहायला बसलो ते सुनेच्या बियरमुळं. हसू नका. ती कॉलेजात शास्त्र शिकवते आणि घरी हौसेनं बियर करते, लागर नावाची. ती थंडीत पिकते, म्हणून तिला खमीर जास्त लागतं, ते आधी वाढवून घ्यावं लागतं. सुनेनं जवाच्या सत्त्वाचं पाणी उकळलं, गार केलं, काचेच्या बरणीत ओतून त्यात यीस्ट सोडलं, तोंडावर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद सैल ठेवला आणि दोन दिवसांसाठी आष्टीला माहेरी निघाली. "मामा, येता-जाता हलवायचं फक्त. उघडून बघायचं न्हाई, सांगून ठेवते."

मी बरणीपासून हललो नाही. पहिल्या दिवशी फेस आला, जिवाला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फेस गेला. तळाला पांढरट गाळ, वर पाणी गप. समोर सिरसाळ्याची आपली बेकरी उभी राहिली. तुम्ही बहिणीकडं लग्नाला निघालाय, खमिराची बरणी माझ्या हातात देताय. "माज्या बापापासूनचं हाय बे. लेकरावानी बघ." खमीर मेलं, असं तुम्ही कुणाला बोलू द्यायचा नाही. रुसलं म्हणायचं, मूठभर मैदा घालायचा आणि वाट बघायची. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ते फुगून खाली बसलेलं, वर काळपट पाणी, आंबट वास. मला धीर कुठला? मी ते मोरीत ओतलं, बरणी घासली आणि स्टँडजवळच्या बेकरीतून वाटीभर खमीर मागून आणलं. त्याच बेकरीतून, जिच्या पावाला तुम्ही कापूस म्हणायचा.

सुनेला फोन लावला. म्हणालो, "रुसलं गं."

"कोण? आत्याबाई?"

"तुजं यीस्ट. खाली बसलं."

ती खो खो हसायला लागली. "आवो मामा, त्याचं खायचं संपलं म्हणून बसलं ते. जित्तं हाय. परत खायला घातलं की उठतंय. लई झ्याक काम केलंत, आता फ्रीजमधी ठेवा."

बरणी फ्रीजमध्ये ठेवली आणि तिथंच फरशीवर बसलो. इतकी वर्षं वाटत होतं, माझ्या हातून मेलं. मेलं नव्हतं, उस्ताद. भुकेलं होतं. मी ते जित्तं ओतून दिलं. आत्ता तुम्ही भट्टीपुढं बसलेले असता, तर येऊन पाय धरले असते. तुम्ही शिव्या दिल्या असत्या आणि मग अर्धा कप चहा पुढं सरकवला असता. त्या शिव्यांसाठी जीव तुटतो.

हे वहीतच राहील, पाठवायचं कुठं. लग्नाहून आलात त्या दिवशी तुम्ही त्या मागून आणलेल्या खमिराचा पहिला पाव मोडून नाकाशी धरलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बापाचा वास हाय बे ह्याला."

मी म्हणालो, "हाय, उस्ताद."